बगळ्याची वकिली

शनिवार, १७ जानेवारी २०२६. पारा उणे अकरा. पहाटे बर्फ पडला. शोव्हलने बर्फ काढणारा माणूस सकाळी येऊन गेला, पण पायऱ्या विसरला. उद्या अमावास्या म्हणून अरुणाने हळदीकुंकू आजच ठेवलं, त्यामुळे तळघरातली निवडही आजच झाली. दुपारी भाषण मोठ्याने वाचून पाहिलं. प्रभा मला न्यायला साडेतीनला येणार होती, पावणेचारला आली. बेल वाजवली नाही, हॉर्न वाजवला. बाकीचं डायरीच्या एवढ्या जागेत मावणार नाही, वेगळ्या कागदावर लिहिते.

प्रभा टिपणीस माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणजे बहात्तरची. तिच्यावर कुणीतरी नीट लिहायला हवं असं आमच्या टोरांटोजवळच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळात सगळे म्हणतात. माझ्यावर कुणी लिहावं असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मंडळात मराठी शुद्ध लिहिणारी मी एकटी उरले आहे, म्हणून प्रभावर लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

ती मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला इंग्रजी धड येत नव्हतं, आणि त्याची लाजही नव्हती. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. चुकीचं इंग्रजी बोलण्यापेक्षा गप्प बसावं असं सिस्टर्सनी आम्हाला शिकवलं होतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी गप्प होते. प्रभाने तेवढ्यात सगळ्या रस्त्याशी ओळख करून घेतली. ती पंचेचाळीसची असताना तिचा नवरा गेला. पदरात दोन मुली. तिने पिवळी स्कूलबस चालवायचं लायसन्स काढलं आणि पुढची वीस वर्षं बस चालवली. मुलं गप्प बसावीत म्हणून ती दुपारच्या फेरीत रेडिओवर बेसबॉलची मॅच लावायची. मुलं गप्प बसली नाहीत. प्रभा मात्र बेसबॉलला लागली.

आमच्याकडचे पुरुष आधीच लागलेले होते. माझे यजमान रविकांत इथल्या पोलादाच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होते. सत्तर साली इथे आले तेव्हा क्रिकेट दिसेना, म्हणून बरोबरीच्या लोकांबरोबर बेसबॉल बघू लागले, आणि मग त्यांना दुसरं काही दिसेना. निवृत्त झालेल्या खेळाडूंपैकी कुणाला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं यावर दर जानेवारीत बेसबॉलचे पत्रकार मत देतात. शंभरातली पंचाहत्तर मतं मिळाली तर खेळाडू आत. नाही मिळाली तर पुढल्या वर्षी पुन्हा नाव. अशी दहा वर्षं संधी, मग यादीतून कायमचं बाहेर. खरा निकाल लागायच्या आधीच्या शनिवार-रविवारी आमची मंडळी देवदत्तांच्या तळघरात स्वतःची निवड करतात. देवदत्त म्हणजे अरुणाचे यजमान, भूल देणारे डॉक्टर होते. त्यांचं घर माउंटनवर, म्हणजे गावाच्या वरच्या टेकडीवर. वरच्या मजल्यावर अरुणाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आणि खाली ही 'तळघर निवड समिती', असं चाळीस वर्षं चाललं आहे.

समितीचे नियम रविकांतांनी केले. मतदार नऊच, कारण मैदानावर खेळाडू नऊ. बाकीच्यांनी हवं तेवढं बोलावं, मत मात्र द्यायचं नाही. आणि खेळाडूचं खरं नाव घ्यायचं नाही. प्रत्येकाला मराठी टोपणनाव असतं. एक गुलाबजाम, एक पाटलाचा पोर, एक औषधवाला. औषधवाल्याने दंड फुगवायला काहीतरी घेतलं होतं, त्याच्यावरून दर वर्षी आरडाओरडा होतो आणि वर बायका आपापल्या वाट्या धरून थांबतात. ज्याच्या तोंडून खरं नाव निघेल त्याने सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या.

मी चाळीस वर्षं वर बसत असे. प्रभा खाली उतरत असे. नवरा गेल्यावर पहिल्याच संक्रांतीला ती अरुणाकडे आली. आता हिला काय द्यावं, कसं द्यावं या विचारात बायका गोंधळल्या असताना तिने स्वतःच कपाळ पुढे केलं. "लाव गं, थंडीत कपाळ कोरडं पडतं," म्हणाली. कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, तिळगुळाची वडी तोंडात टाकली आणि थेट जिना उतरून पुरुषांत जाऊन बसली. तेव्हापासून दर वर्षी हेच. वरचा मजलाही तिचा आणि खालचाही.

तिला आकडे येत नाहीत हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. कुणी किती होमरन मारल्या हे तिने आजवर एकदाही बरोबर सांगितलेलं नाही. "चारशे काय नि पाचशे काय, पोस्टात टाकायचंय का?" असं म्हणते. तिची कसोटी एकच. "ज्याची खेळी बघताना माझं वरण करपलं, तो हॉल ऑफ फेममध्ये. नुसतं खाली लागलं असेल तर पुढच्या वर्षी बघू." यावर शिकलेले पुरुष खो खो हसत. घरी येताना गाडीत रविकांत ते वाक्य मला परत सांगत. मी म्हणत असे, "वरण करपवणं ही काही हुशारी नाही." ते म्हणत, "तसं नाही गं." ते कसं होतं, ते मात्र त्यांनी कधी समजावलं नाही.

आणखी एक. मला तळघरातले सगळे वहिनी नाहीतर काकू म्हणतात, म्हणजे कुणाची तरी बायको. ती नुसती प्रभा.

रविकांत जाऊन तीन वर्षं होतील. दोन वर्षं समितीने त्यांची जागा मोकळी ठेवली. या दिवाळीत देवदत्तांचा फोन आला की आता नववा मतदार घ्यायचं ठरलं आहे. "प्रभाचं नाव पुढे आलंय," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझंही घाला." मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही बेसबॉल बघता?" मी म्हटलं, "शिकेन."

ती जागा रविकांतांची होती. ती दुसऱ्या कुणाला गेली असती तर मी काही बोलले नसते. प्रभाला जाऊ द्यायची नव्हती.

निवडणूक समितीच्याच पद्धतीने होणार होती. उरलेले आठ मतदार चिठ्ठ्या टाकणार, सहा चिठ्ठ्या मिळतील ती आत. त्याआधी दोघींनी एकेका खेळाडूची वकिली करायची. मी ताबडतोब बगळा निवडला. रविकांत या बगळ्यासाठी सात वर्षं भांडले होते आणि त्याला कधी पाचाच्या वर मतं मिळाली नव्हती. यंदा त्याचं यादीतलं शेवटचं वर्ष. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं काम बायकोने पुरं करावं, यापेक्षा योग्य काय असणार?

बगळा म्हणजे कोण, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? टीव्हीसमोरून रविकांत ओरडत ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते, "बघ, बगळा एका पायावर उभा राहिला!" मी लायब्ररीत जाऊन बसले. यादीत एक उंच, डावखुरा पिचर होता, चेंडू टाकताना एक पाय पार छातीपर्यंत उचलणारा. फोटो पाहिल्याबरोबर खात्री पटली. मग दोन महिने मी त्याचा अभ्यास केला. किती बळी, किती सामने, दुखावलेल्या खांद्याने कुठल्या वर्षी काय केलं. शाळेत मला वक्तृत्वाचं पदक होतं.

अरुणाकडे पोचलो तेव्हा वर बायकांची गर्दी होती. अरुणा करंडा घेऊन माझ्याकडे आली. "शोभाताई, या वर्षी तरी?" म्हणाली. मी रविकांत गेल्यापासून घेत नाही. मी हात जोडले. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून प्रभाचं कपाळ पुढे आलं. "तिचं मला लाव, डबल," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. अरुणाही हसली.

खाली तळघरात हीटर लावलेला होता तरी जुन्या गालिच्याचा वास येत होता. सोफ्याशेजारची रविकांतांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. आठ मतदार बसले होते. त्यांतला सगळ्यांत लहान वॉटर्लूचा उन्मेष, सॉफ्टवेअरमधला, लॅपटॉप उघडून. सगळ्यांत मोठे प्रताप, ऐकू कमी येतं पण मत ठाम.

"वहिनी, आधी तुम्ही," देवदत्त म्हणाले. "पाच मिनिटं. आणि नियम माहीत आहे ना, खरं नाव नाही."

मी उभी राहिले. कागद हातात होता, पण मला पाठ होतं. "बगळ्याकडे केवळ आकडे नाहीत, संयम आहे," मी सुरुवात केली. माना हलल्या. "बगळ्याने एका मोसमात अडीचशे फलंदाजांना बाद केलं." माना थांबल्या. प्रतापांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय केलं म्हणते?" मी आवाज चढवला. "दुखऱ्या खांद्याने बगळ्याने सलग नऊ डाव चेंडू टाकला..."

"काकू," उन्मेष म्हणाला, "सॉरी हं, वन सेकंद. बगळ्याने चेंडू टाकला?"

"मग काय झेलला?" मी म्हटलं.

"झेललाच की!" चार-पाच जण एकदम म्हणाले.

"तुम्ही नक्की कुणाबद्दल बोलताय, काकू?"

आणि मी त्या पिचरचं खरं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट, कॉन्व्हेंटच्या स्वच्छ उच्चारात.

मग तळघर हसून फुटलं. वाईट मनाने नाही, ते मलाही कळत होतं, पण हसू ते हसूच. प्रताप डोळे पुसत होते. देवदत्त म्हणाले, "अहो वहिनी, त्याला आपण भगीरथ म्हणतो! बगळा म्हणजे मागच्या मैदानातला. आउटफिल्डर. चेंडू येईस्तोवर एका पायावर उभा असायचा, म्हणून बगळा."

"मला वाटलं..." मी म्हटलं. खाली बसले. वर बायका उखाणे घेत होत्या, ते ऐकू येत होतं.

"कपबश्या," प्रभा म्हणाली.

"जाऊ दे गं प्रभा," देवदत्त म्हणाले. "पहिलीच वेळ आहे त्यांची."

"नियम म्हणजे नियम. रविकांतभावजींचाच आहे." आणि माझ्याकडे वळून, "हो ना, शोभाताई?"

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी म्हटलं, "अर्थात."

आता तिची पाळी. तिने गुलाबजामचं नाव दिलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती उठली आणि म्हणाली, "गुलाबजाम राहू दे. त्याची अजून चार वर्षं आहेत. मी बगळ्याचंच बोलते, आता वेळ नाही राहिला त्याच्याकडे."

माझ्या हातात अजून माझा कागद होता.

"जुलै महिना होता," ती म्हणाली. "आपण सात जण टोरांटोला गेलो होतो. व्हॅन कोण चालवत होतं? मी. पार्किंग मिळालं नाही म्हणून देवदत्त मला शिव्या देत होते."

"सूचना देत होतो," देवदत्त म्हणाले.

"शिव्या. सीट पार वरच्या, एवढाएवढासा दिसणारा माणूस. पाच डाव झाले तरी त्याच्याकडे एक चेंडू आला नाही. नुसता उभा. आणि उभा कसा, एक पाय वर, दुसऱ्या पायाला घासतोय. भावजी म्हणाले, प्रभा, बगळा बघ. मी म्हटलं, बगळा खरा, पण मासा कुठाय? ते म्हणाले, थांब. आम्ही दोघं त्याच्याकडेच बघत बसलो. बाकी मॅच गेली खड्ड्यात. आणि सातव्या का आठव्या डावात, आता ते विचारू नका, चेंडू आला. लांब, भलतीकडेच. आणि हा जो सुटला ना! भिंतीला आपटला, खाली पडला, आम्ही म्हटलं मेला. मग नुसता हात वर आला. हातात चेंडू. भावजी उभे राहून ओरडले, मासा! मासा! पुढची गोरी बाई घाबरली, तिच्या पॉपकॉर्नचा पाऊस पडला आमच्यावर."

सगळे हसत होते, पण आता वेगळं हसत होते.

"तर माझं म्हणणं एवढंच," प्रभा म्हणाली. "मारणारे पुष्कळ असतात. पाच-पाच डाव काही न घडता तयार उभं राहायचं, याला मार्क कोण देणार? मी तर तेव्हा घरीसुद्धा नव्हते. असते तर वरण, भात, कुकर, सगळं करपलं असतं."

तो जुलैचा दिवस मला चांगला आठवतो. रविकांत संध्याकाळी घरी आले ते नाक उन्हाने लाल, आणि हसू कुठेतरी ठेवून आल्यासारखे. मी विचारलं, "कशी होती मॅच?" ते म्हणाले, "काही विशेष नाही." मग पोळ्या झाल्या आहेत का विचारलं. झाल्या होत्या. बगळ्याचं नाव त्यांनी प्रभासमोर ठेवलं, मासा तिने विचारला, आणि मी त्याच बगळ्यावर दोन महिने लायब्ररीत बसले होते. त्यांच्या दोघांत काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. काही असतं तर मला निदान भांडता आलं असतं. होता तो एक बगळा, आणि त्यातही मला वाटा नव्हता.

चिठ्ठ्या झाल्या. देवदत्तांनी वाचल्या. प्रभाला सहा, मला दोन.

"अभिनंदन, प्रभा!" टाळ्या. तिने रविकांतांची खुर्ची भिंतीपासून ओढली आणि बसली. एका पायाची रबरी टोपी निघालेली आहे, त्यामुळे ती खुर्ची डुगडुगते. तिने खाली वाकून पाहिलं आणि हळदीकुंकवाच्या पुडीचा कागद चौघडी करून पायाखाली सरकवला. रविकांत वीस वर्षं त्या खुर्चीवर डुगडुगत बसले.

"वहिनी, तुम्ही यादीत आहात हं," उन्मेषच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं. "दहा वर्षं नाव राहतं."

"मी अठ्ठ्याहत्तरची आहे," मी म्हटलं.

"मग जोरात अभ्यास करा!" प्रताप म्हणाले. त्यांना नेमकं हे बरोबर ऐकू आलं.

मग खेळाडूंची निवड. औषधवाल्यावरून नेहमीप्रमाणे भांडण झालं, त्याला तीनच मतं पडली. गुलाबजामला पाच. बगळ्याला नऊपैकी सात. देवदत्तांनी आकडा दोनदा मोजला आणि चष्मा काढला. "रवि असायला हवा होता," म्हणाले. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले. रविकांतांना सात वर्षांत जे जमलं नाही ते झालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीत कोण आहे ते बघत होते.

तळघरातल्या छोट्या सिंकवर मी कपबश्या धुतल्या. प्रभा फडकं घेऊन शेजारी येऊन उभी राहिली, न बोलावता. कपाळावरचं डबल कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं.

"रागावलीस?" तिने विचारलं.

"हसायची काही गरज नव्हती," मी म्हटलं.

"मी हसले नाही. बघ आठवून. सगळे हसले, मी कपबश्या म्हणाले."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. त्यामुळे आणखी राग आला.

"माझा खेळाडू घेतलास," मी म्हटलं.

"तू त्याला पिचर करून ठेवलं होतंस, शोभाताई. तसाच सोडला असता तर मेला असता." तिने बशी पुसून ठेवली. "एक विचारू? तू खाली का नाही आलीस गं कधी? एवढी वर्षं?"

"मला कुणी बोलावलं नाही."

"मला कुणी बोलावलं होतं?"

एका कपाच्या कानाला चहाचा जुना डाग होता, तो घासत राहिले. बोलावल्याशिवाय जायचं नाही हे मला लहानपणी ज्यांनी शिकवलं त्या सगळ्या बायका आता गेल्या आहेत. प्रभाला ते कुणी शिकवलंच नव्हतं. मला तिच्या खुर्चीचा हेवा वाटत होता असं मी इतका वेळ समजत होते. सिंकपाशी उभं असताना लक्षात आलं की मला तिच्या जिना उतरण्याचा हेवा वाटतो. हे कळून तो कमी झाला नाही. उलट त्याला आता नीट जागा मिळाली.

परतीच्या वाटेवर माउंटनच्या उतारावर बर्फ चकाकत होता. प्रभा बस चालवल्यासारखी गाडी चालवते, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर.

"मला आता मत आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी कुणी गेलं-बिलं तर जागा होईल. मी तुला देईन."

"देवदत्तांच्या कानावर गेलं तर?"

"त्यांचाच नंबर दिसतोय, गुडघे काढून टाकायचे म्हणतायत. पण भाषण सुधार हं. संयम काय, सलग काय. झोप येते."

"आकडे सगळे बरोबर होते."

"हो. दुसऱ्याचे."

मला हसू आलं. ते मी खिडकीकडे तोंड करून तिथल्या तिथे संपवलं.

दारापाशी तिने गाडी उभी केली, पायऱ्यांवरचा बर्फ बघितला, आणि मी पर्स शोधेपर्यंत स्वतःच उतरून बुटांनी पायऱ्या मोकळ्या केल्या. मी तिला आत चहाला बोलावलं नाही. ती थांबलीही नाही. "सीझन मार्चअखेर सुरू होतो," गाडीत बसताना ओरडली, "मी टीव्ही बघायला येईन तुझ्याकडे. तुझा मोठा आहे."

येईल. तिला बोलवायची गरज नाही.

घरात येऊन शाल काढली आणि डायरीची आजची नोंद पुरी केली. शेवटची ओळ अशी लिहिली: दही विरजलं, थंडी फार, म्हणून पातेलं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं आहे.